अवजारांचे सोवळे

संगणकाचा प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो, आणि यंत्राला पाळता येतील अशा आज्ञांमध्ये त्याचे रूपांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. बहुधा हे रूपांतर ज्या घराण्याच्या प्रोसेसरवर होते त्याच घराण्याच्या प्रोसेसरवर तयार प्रोग्रॅम चालायचा असतो. पण टेलिफोन एक्स्चेंज, सेट-टॉप बॉक्स किंवा मोटारीचे नियंत्रक यांच्यातील प्रोसेसर रूपांतराचे अवजड काम पेलण्यासाठी बनवलेला नसतो, आणि तेव्हा प्रोग्रॅम एका यंत्रावर घडतो व दुसऱ्यावर चालतो. असे परक्या यंत्रासाठी रूपांतर करणाऱ्या साधनाला क्रॉस-कंपायलर म्हणतात आणि लिंकर, लायब्ररी, हेडर फाइली अशा त्याच्या सोबतच्या सर्व सामग्रीसह होणाऱ्या संचाला क्रॉस-टूलचेन म्हणतात. एकाच संगणकावर घरचा संच आणि हा परका संच शेजारी-शेजारी नांदू लागले, की परक्यासाठी आणलेली अवजारे घरच्या नेहमीच्या कामात शिरतात. त्यांना तिथून दूर कसे ठेवायचे, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कारागिरीचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय विचारपरंपरेत फार पूर्वीपासून चर्चिलेला आहे. दोन वस्तू जवळ आल्यामुळे एकीचा दोष दुसरीला लागतो असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय घडलेले असते, आणि त्या दोषापासून बचाव म्हणून केलेली विभागणी केव्हा विवेकाची असते व केव्हा केवळ सोवळ्याची?

दिल्लीच्या परिसरात या कारागिरीला चार दशकांचा इतिहास आहे. दूरसंचाराचे तंत्र देशातच विकसित करण्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी केंद्राने भारतीय बनावटीचे डिजिटल एक्स्चेंज घडवण्याचे काम हाती घेतले, आणि जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसलेले १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज हे त्याचे पहिले ठळक फळ ठरले. पुढच्या मोठ्या एक्स्चेंजांमध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातील प्रोसेसर होते, ग्राहकांच्या तारांजवळच्या कामासाठी आठ बिटांचे लहान प्रोसेसर होते, आणि त्यांच्यावरील आज्ञावली प्रामुख्याने सी भाषेत लिहिलेली होती. ही यंत्रे फोन जोडण्यासाठी होती, प्रोग्रॅम लिहिण्यासाठी नव्हती; त्यामुळे घडण्याची जागा वेगळी आणि चालण्याची जागा वेगळी, ही स्थिती त्या कामाच्या स्वरूपातच होती. मोटोरोलाचा हाच प्रोसेसरांचा विभाग २००४ मध्ये फ्रीस्केल झाला आणि २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाला; त्याचे संरचना केंद्र आज नोएडात आहे, ग्रेटर नोएडात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे आहे, आणि यमुनेच्या पलीकडच्या त्या औद्योगिक पट्ट्यात परक्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम घडवणे हा रोजचा व्यवसाय झाला आहे.

हस्तक्षेप कसा घडतो हे तपशिलाने पाहिल्याशिवाय त्याचा विचार करता येणार नाही. आज्ञा टाइप केल्यावर संगणक ती आज्ञा पुरवणारे अवजार कोठे शोधायचे हे पाथ नावाच्या एका यादीवरून ठरवतो, आणि यादीत जी जागा आधी येते तिथले अवजार उचलतो. पाथ, सीसी, सीपाथ, एलडी-लायब्ररी-पाथ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या सूचनांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. त्या एखाद्या प्रोग्रॅमच्या आत लिहिलेल्या नसतात, तर तो ज्या वातावरणात सुरू होतो त्यातून त्याला आपोआप मिळतात. क्रॉस-टूलचेन बसवताना कोणी तिची जागा यादीच्या अग्रभागी घातली, किंवा सीसी या सूचनेत परक्या कंपायलरचे नाव कायमचे लिहून ठेवले, की त्यानंतर त्या वातावरणात सुरू होणारे घरचे प्रत्येक काम नकळत परक्या अवजाराने होऊ लागते. परिणाम कधी ढळढळीत असतो: तयार झालेला प्रोग्रॅम घरच्या यंत्रावर चालवायला गेल्यास प्रणाली त्याचे स्वरूप ओळखत नाही म्हणून नकार देते, आणि चूक तिथेच उघडी पडते. मूक परिणाम याहून वाईट असतात. सीपाथमधून परक्या यंत्राच्या हेडर फाइली घरच्या कंपायलरला मिळाल्या, तर प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता तयार होऊ शकतो आणि चालताना एखाद्या रचनेचे आकारमान चुकीचे धरून बिघडू शकतो. लिनक्समध्ये परक्या प्रोसेसरचे अनुकरण करणारा क्यूएमू हा प्रोग्रॅम अशा रीतीने जोडता येतो, की परक्या घराण्याचा प्रोग्रॅमही घरच्यासारखाच चालू लागतो. ही सोय मोठी आहे, पण ‘चालतो म्हणजे घरचा’ या कसोटीवर विसंबलेल्या, घडवण्याआधी यंत्राची चाचपणी करणाऱ्या तयारीच्या स्क्रिप्टला त्या क्षणी घरचे आणि परके यांतला फरक कळेनासा होतो.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. घरचा कंपायलर बिघडलेला नसतो, परकाही बिघडलेला नसतो. दोघेही स्वतःचे काम अचूक करतात आणि तरीही फळ अशुद्ध निघते. दोष कोठे आहे, असा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने तात्त्विक होतो. शांकर वेदान्तात आणि सांख्यांच्या ग्रंथांतही अशा दोषासाठी स्फटिक व जास्वंदीचे फूल हा दृष्टान्त येतो: लाल फूल जवळ ठेवले की स्वच्छ स्फटिक लाल दिसतो, फूल दूर केले की तो पूर्वीसारखा दिसतो, आणि या अवधीत स्फटिकाच्या ठायी लालपणा कधीच आलेला नसतो. जवळ असण्यामुळे स्वतःचा धर्म दुसऱ्यावर भासवणाऱ्या वस्तूला उपाधी म्हणतात. एकाचे धर्म दुसऱ्यावर आरोपित होण्याच्या या व्यापाराला शंकराचार्यांनी अध्यास म्हटले आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्याचा आरंभच त्याच्या विवेचनाने केला. पाथच्या यादीत पुढे बसलेली टूलचेन ही अशी उपाधी आहे. ती घरच्या कंपायलरच्या स्वभावात काही बदल करत नाही. ‘कंपायलर’ या नावाने जे हाक मारतात त्यांना ती घरच्याच्या जागी दिसते.

उपायाच्या बाबतीत मात्र दोन दर्शनांचा कल वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा येथे उपयोगी पडतो. अज्ञान गेले पाहिजे हे दोघांनाही मान्य आहे, पण सांख्यांना पुरुष व प्रकृती ही मुळातच दोन तत्त्वे वाटतात, म्हणून त्यांच्या मोक्षाचे नाव कैवल्य, म्हणजे एकटेपण, असे आहे. वेदान्त्याला फूल दूर नेण्याचीही गरज वाटत नाही, कारण लाली कोणाची हे कळले की ती असूनही बाधत नाही. बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम घडवण्याच्या व्यवहारातही हेच दोन मार्ग दिसतात. पहिल्या मार्गाने जाणारे प्रत्येक कामाला स्वतंत्र बंद खोली देतात: वेगळा वापरकर्ता, वेगळे मूळ-फोल्डर, किंवा आजकाल कंटेनर, ज्यात दुसऱ्या संचाचा वाराही लागत नाही. दुसऱ्या मार्गाने जाणारे दोन्ही संच एकाच घरात राहू देतात आणि प्रत्येकाला पूर्ण नाव देतात. परक्या कंपायलरच्या नावाआधी त्याचे घराणे, त्याची प्रणाली आणि तिथले करार सांगणारा उपसर्ग लावतात, लिनक्सच्या गाभ्याचे बिल्ड करताना घरच्या आणि परक्या कंपायलरची नोंद दोन वेगळ्या नावांखाली करतात, आणि २०१३ मध्ये आलेल्या, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपासून तर वेगवेगळ्या घराण्यांच्या लायब्ररी एकाच प्रणालीत, आपापल्या नावाच्या फोल्डरांत, शेजारी राहू शकतात. दर्शनांशी असलेले हे साम्य फार ताणू नये. शंकराचार्यांना लायब्ररींच्या फोल्डरांशी काही कर्तव्य नव्हते. तरी इतके खरे, की दुसरा मार्ग अधिक कठीण आहे आणि अधिक टिकाऊही आहे, कारण बंद खोलीत चालणारी गोष्ट का चालते हे खोली उघडेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

नामकरणाच्या मार्गावर एक सूक्ष्म विचार आहे. जीएनयूच्या परंपरेत एखाद्या कंपायलरची ओळख तीन नात्यांनी सांगतात: तो कोणत्या यंत्रावर घडला, तो कोणत्या यंत्रावर चालेल, आणि तो कोणत्या यंत्रासाठी प्रोग्रॅम घडवील. तिन्ही एकच असली तर तो घरचा. तिन्ही निरनिराळी असू शकतात, आणि तसे कंपायलरही घडवले जातात. म्हणजे ‘परका’ हा कोणत्याही अवजाराचा अंगभूत गुण नाही. नोएडातील एखाद्या टेबलावर जो एआरएमचा कंपायलर परका ठरतो, तशाच आज्ञा घडवणारा कंपायलर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर घरचा असतो, आणि तिथे इंटेलच्या घराण्यासाठी काम करणारा परका होतो. दर्शनकारांच्या परिभाषेत सांगायचे तर परकेपण सापेक्ष आहे आणि त्याचा आश्रय वस्तू नसून संबंध आहे.

याच जागी शुद्धीच्या दुसऱ्या, अधिक अडचणीच्या परंपरेकडे वळावे लागते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले आणि जे त्यापूर्वी राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य म्हणून दिल्लीत होते, त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अशौच आणि शुद्धी यांचे विस्तृत विवेचन आहे. त्या विषयात द्रव्यशुद्धी हा एक भाग येतो, म्हणजे भांडी, वस्त्रे, धान्य अशा वस्तू विटाळल्यास कशा शुद्ध कराव्यात याचा विचार. स्मृतिकारांनी तेथे सर्व वस्तूंना एकच नियम लावलेला नाही: धातूच्या भांड्याला राख, आंबट पदार्थ किंवा पाणी पुरते, पण मातीचे भांडे पुन्हा भाजावे लागते किंवा टाकून द्यावे लागते, कारण ते लागलेली गोष्ट शोषून घेते. हा नियम निरीक्षणातून आलेला आहे हे सहज दिसते, आणि बिल्डच्या व्यवहाराला तो आश्चर्यकारक रीतीने लागू पडतो. वातावरणातील सूचना धातूच्या भांड्यासारखी असते, ती पुसली की संपली. पण ज्या फोल्डरात एकदा परक्या कंपायलरने काम केले तिथे त्याच्या खुणा मुरलेल्या असतात: अर्धवट घडलेल्या फाइली, तयारीच्या स्क्रिप्टने साठवलेली उत्तरे, सीमेक या साधनाने पहिल्या वेळी नोंदवून ठेवलेले कंपायलरचे नाव. सीमेकमध्ये कंपायलर बदलायचा असेल तर तेच फोल्डर पुसत बसण्यापेक्षा नवे फोल्डर घेणे हाच सांगितलेला मार्ग आहे.

धर्मशास्त्रातील शुद्धिविचार एवढ्यावर थांबला असता तर त्याला विरोध करण्याचे कारण उरले नसते. महाराष्ट्रातील सोवळे-ओवळे मात्र वस्तू काय शोषते यावर थांबले नाही. काठीने वाळत घातलेले वस्त्र, स्वयंपाकघराचा उंबरठा, पाण्याची घागर यांच्याभोवती उभा राहिलेला तो आचार स्पर्शाला भिणारा होता, आणि त्याच्या टोकाला काही माणसांचा स्पर्श जन्मानेच दोषयुक्त ठरवला गेला. या दोन अवस्थांमधील सीमारेषा सर्वांत स्पष्टपणे आखली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात, जेव्हा ते दिल्लीत स्वतंत्र भारताचे विधिमंत्री होते. आदिम समाजांतील आणि धर्मग्रंथांतील अशुचिता त्यांनी तपासली आणि दाखवून दिले की जन्म, मृत्यू, ऋतुकाल अशा प्रसंगी येणारी अशुचिता तात्पुरती असते, ठरावीक विधीने फिटते आणि व्यक्तीपुरती असते; अस्पृश्यता मात्र कायमची, वंशपरंपरेने चालणारी आणि संपूर्ण समूहावर लादलेली असते, म्हणून पहिलीवरून दुसरीचे समर्थन करता येत नाही. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला दिल्लीतच भरलेल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले, जे आज संविधानाचे सतरावे कलम आहे.

माणसांच्या अप्रतिष्ठेचा विषय अवजारांच्या चर्चेत आणणे अनुचित आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो अंशतः योग्य आहे. कंपायलरला मान नसतो, दूर ठेवल्याने त्याला दुःख होत नाही. म्हणूनच त्याला दूर ठेवण्याची मुभा आहे आणि माणसाला नाही. पण विभागणीचे नियम करणारे मन दोन्हीकडे माणसाचेच असते, आणि ते मन एका ठिकाणी कारण विचारायचे सोडून देते तेव्हा काय होते हे दुसऱ्या ठिकाणी पाहिलेले असणे उपयोगाचे आहे. आंबेडकरांनी लावलेल्या कसोट्या, म्हणजे दोष किती काळचा आहे, तो फिटतो कशाने, आणि तो संबंधाचा आहे की जन्माचा, या अवजारांच्या विभागणीलाही लावून पाहता येतात.

योक्टो प्रकल्पाच्या साधनांनी तयार होणाऱ्या क्रॉस-टूलचेनसोबत एक लहानशी स्क्रिप्ट येते, जी चालवल्यावर त्या एका खिडकीतील वातावरण परक्या यंत्राच्या कामासाठी सज्ज होते, आणि खिडकी बंद केली की तो सारा बदल संपतो. ही मुदतीची अशुचिता आहे, सुतकासारखी ठरावीक अवधीची. त्याच स्क्रिप्टला सुरुवातीलाच एलडी-लायब्ररी-पाथ ही सूचना आधीपासून ठेवलेली आढळली, तर ती काम थांबवते. परंतु स्वतः ती सूचना पुसून टाकत नाही, तर ती मुळात कोणी व का ठेवली होती हे आधी पाहावे आणि पुसणे सुरक्षित असल्याची खात्री करावी, असे वापरणाऱ्याला सांगते. बिल्डरूट हे दुसरे साधनही चालू फोल्डर त्या सूचनेत दिसले की पुढे जायला नकार देते आणि नेमके कशामुळे नकार दिला ते सांगते. नियमाने कारण स्वतःबरोबर बाळगावे आणि समोरच्याला तपासायला लावावे, ही या कारागिरीतील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट म्हटली पाहिजे.

याच्या उलट प्रकारही तितकाच प्रचलित आहे. काही बिघडले की सारे पुसून पहिल्यापासून घडवायचे, आणि ते चालले की कारण न शोधता पुढे जायचे, ही सवय अनेक कार्यालयांत नियमाचे रूप घेते; काही वर्षांनी कोणत्या फोल्डरात जायचे नाही, कोणती खिडकी वापरायची नाही याच्या याद्या तयार होतात आणि नव्याने आलेल्यांना त्या कारणाशिवाय शिकवल्या जातात. अशा ठिकाणी परक्या टूलचेनविषयी भीती असते, ज्ञान नसते. तंत्र तेच, फोल्डर तेच, आज्ञाही त्याच. पण हे सोवळे आहे.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या पुस्तकात, ज्यात संपूर्ण प्रणाली मुळापासून हाताने घडवण्याची पद्धत सांगितली आहे, या विचाराचे एक वेगळेच टोक दिसते. तेथे घडवणारे यंत्र आणि ज्याच्यासाठी घडवायचे ते यंत्र प्रत्यक्षात एकच असते. तरीही नव्या टूलचेनच्या त्रिपदी नावात मुद्दाम एक शब्द बदलला जातो, जेणेकरून कंपायलरने स्वतःच्याच यंत्राला परके समजावे आणि घरातल्या जुन्या लायब्ररी न विचारता उचलू नयेत. वेगळा वापरकर्ता निर्माण करून त्याला जवळजवळ रिकामे वातावरण दिले जाते. म्हणजे परकेपणा येथे दुसऱ्यावर लादलेला कलंक नाही, स्वतःवर तात्पुरती घेतलेली शिस्त आहे, आणि नवी प्रणाली स्वतःच्या पायावर उभी राहिली की ती सोडून दिली जाते. पूर्वपरिचयामुळे येणारी गृहीते बाजूला ठेवण्यासाठी स्वतःला अनोळखी मानण्याचा हा अभ्यास संन्यासाच्या कल्पनेच्या बराच जवळ जातो, आणि दोन्हीकडे तो साधन आहे, साध्य नाही.

इतक्या सगळ्या शिस्तीनंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो कुळाचा. कंपायलर हाही एक प्रोग्रॅम असतो आणि तो आधीच्या कंपायलरने घडवलेला असतो. म्हणून आजच्या अवजाराची शुद्धी त्याच्या पूर्वजांवर अवलंबून आहे असे वाटू लागते. केन थॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या आणि ऑगस्ट १९८४ मध्ये, म्हणजे योगायोगाने सी-डॉटच्या स्थापनेच्याच महिन्यात, छापून आलेल्या व्याख्यानात हा मुद्दा टोकाला नेला. कंपायलरमध्ये दडवलेला दोष मूळ मजकुरातून पुसून टाकला तरी पुढच्या प्रत्येक पिढीत स्वतःला उतरवत राहू शकतो, आणि मजकूर कितीही काळजीपूर्वक वाचला तरी तो दिसणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. यावर कुळाची शुद्धता राखणे, म्हणजे परका स्पर्श कधीही होऊ न देणे, हे उत्तर पुरत नाही, कारण दोष घरच्याच परंपरेतून वाहत आलेला असू शकतो. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात जे उत्तर सविस्तर सिद्ध केले ते नेमके उलट दिशेचे आहे: संशयित कंपायलरचा मजकूर दुसऱ्या, असंबंधित कंपायलरने घडवावा, त्या फळाने तोच मजकूर पुन्हा घडवावा, आणि शेवटी हाती आलेली फाइल मूळ फाइलशी बिटागणिक ताडून पाहावी. व्हीलर यांनी ही परीक्षा जीसीसीच्या सी कंपायलरवर केली, तेव्हा साक्षीदार म्हणून इंटेल कंपनीचा कंपायलर वापरला होता, आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या.